दोन बोटं सरकलेली उत्तर

न्हाई न्हाई साहेब, तिथं आता नुसता खड्डा हाये. तुम्ही जीप घेऊन तळ्यात जाताल अन् हात हलवत वापस येताल, म्हून आधीच सांगून राह्यलो. बसा. ह्या स्टुलावर न्हाई, त्याचा एक पाय हलतो — इकडं खुर्चीत बसा. हां. गाळ कुठं गेला? शेतात गेला की! परसालच्या उन्हाळ्यात मशीन आलं, ट्रॅक्टरं लागली, अन् पंधरा दिवसांत समदं तळं पार मुरमापर्यंत खरडून लोकांनी आपापल्या रानात नेऊन टाकलं. आता त्यात ऊस उभा हाये, अंकुशनगरच्या कारखान्याला जाईल. मी बी चार ट्रॉल्या टाकल्या, खोटं कशाला बोलू. तुमच्या मॅडमची हजार वर्षं उसाच्या बुडाला गेली समजा… काहून, हसू न्हाई आलं? बरं, न्हाई आलं तर न्हाई. च्या घ्या. अगं ए, दोन च्या टाक, पुण्याचे साहेब आलेत! — सोवनी मॅडमचे विद्यार्थी हायेत!

मॅडम बऱ्या हायेत ना? …त्यांनी पाठवलं तुम्हाला? …न्हाई? त्यांना मालूमच न्हाई? मंग तुम्ही काहून… काय? कोण म्हणतं? आकडे बनवले? सोवनी मॅडमनं? अन् हे कोण म्हणून राह्यलंय — जी लोकं कधी ह्या तळ्यात गुडघ्याएवढी बी रुतली न्हाईत ती? बोलवा एकेकाला वडीगोद्रीला, मी बघतो! ती बाई साहेब, पायातले बूट गाळात रुतून बसले तर अनवाणी उभी ऱ्हाली पण काम थांबवलं न्हाई. ती आकडे बनवंल? …पुढच्या महिन्यात? चौकशीला समद्यांच्या समोर उभं करणार म्हणता? अन् त्यांच्या नोकरीचं आता एकच साल ऱ्हायलंय… म्हंजे जाता जाता बाईच्या तोंडाला काळं. अन् दुसरीकडच्या दोन तळ्यांतून लोकांनी गाळ काढला, त्यात मॅडमला दिसलं तसलं काही निघालं न्हाई, म्हून तुम्ही नव्यानं गाळ काढाया इथं आलात. बराबर. अन् गाळ तर न्हाई. मंग आता काय ऱ्हायलं? …मी? मी ऱ्हायलो होय? लई भारी. एवढ्या मोठ्या शास्त्राचा खुंटा कडूबा वाइंडिंगवाला — वारं आलं की हलायचा.

न्हाई, पण मी काही साधा माणूस न्हाई बरं का त्या कामात. इचारा गावात. शहाऐंशीचं साल व्हतं. जालना जिल्हा होऊन पाचच वर्षं झाल्ती, अन् दोन साल पाऊस नव्हता, तळं आटून भेगाळलेलं. दसऱ्याच्या आठ दिवस आधी एक जीप आली, त्यातून मॅडम उतरल्या अन् इचारलं, इथं पाइपाचं काम कोण करतं? लोकांनी माझ्याकडं बोट दाखवलं. लोकांचं काय जातं! मी तव्हा जळालेल्या मोटारींची वाइंडिंग भरायचो, लग्नाला माईक द्यायचो, वरून कुणाचा नळ गळला तर ते बी. मला वाटलं बाईला बोअर घ्यायचाय. मी छाती काढून म्हणलं, मॅडम, इथं दोनशे फुटाला पाणी हाये, माझी ग्यारंटी. त्या म्हणल्या, मला पाणी नको, गाळ पाहिजे. आता गाळ मागणारं माणूस मी जिंदगीत पहिल्यांदा पाहिलं. अन् ग्यारंटीचं म्हणाल तर माझ्या ग्यारंटीवर पुंजारामनं दोनदा बोअर घेतला, दोनदा धूळ निघाली. तरी तो माझा दोस्त हाये. त्याच्याइतकं भोळं माणूस न्हाई.

मंग मॅडमनं बांधावर बसून मला समदं समजावलं. बाकीच्यांना न्हाई, मला. आपली माती काळ्या दगडाची, त्यात लोखंडाचा बारीक चुरा. पाऊस ती माती तळ्यात आणतो, पाणी शांत झालं की चुरा खाली बसतो, अन् बसता बसता एकेक कण उत्तरेकडं तोंड करतो — होकायंत्राच्या काट्यावाणी. वरून दुसरा थर येतो, खालचा दबतो अन् जन्मभर तसाच ऱ्हातो. अन् गंमत अशी की ती उत्तर बी एका जागी न्हाई! मला वाटायचं उत्तर म्हंजे उत्तर, जाफ्राबाद तिकडं अन् आपण इकडं, संपलं. पण होकायंत्राची उत्तर सरकती. पृथ्वीच्या पोटात काही तरी ढवळून राह्यलंय, त्यानं ती शे-दोनशे वर्षांत जराशी इकडं, मंग जराशी तिकडं. अन् ते कुणी लिहून ठेवलेलं नसलं तरी तळ्याच्या गाळात थराथरानं बसलेलं असतं. फक्त एक अट — गाळ काढताना त्याची कोणती बाजू उत्तरेला व्हती ते कळाय पाहिजे. न्हाई तर समदं फुकट. मॅडमनं हे तीनदा सांगितलं. मी तिन्ही वक्ताला मान हलवली. मान हलवण्यात मी हुशार.

तुम्हाला काय सांगायचं म्हणा, तुम्ही तर तेच शिकून आलात. पण तुमच्या पुस्तकात पुंजाराम नसंल. तीन इंची प्लास्टिकचे पाइप, एकेक तीन-साडेतीन फुटाचा. पहिला उभा धरून गाळात दाबायचा, काढायचा, मंग त्याच भोकात दुसरा, मंग तिसरा. वरून वजन पाहिजे, तर पुंजारामला फळीवर उभा केला. ते काम त्याला लई आवडलं, कारण नुसतं उभं ऱ्हायचं व्हतं. अन् पाइप वर काढायच्या आधी मॅडम होकायंत्र धरायच्या अन् उत्तरेच्या अंगाला पाइपावर वरपासून खालपर्यंत निळी रेघ मारायच्या. त्या वक्ताला लोखंड जवळ नको. मला म्हणल्या, कडूबा, खिशातलं काढा. मी किल्ल्यांचा जुडगा काढला. काटा हलला. मंग पकड काढली, टेस्टर काढला, चार नटबोल्ट काढले, तरी काटा हलून राह्यला. मंग मला चाळीस पावलं लांब चिंचेखाली उभा केला. शास्त्रातलं माझं पहिलं योगदान ते — लांब ऱ्हाणं. तेवढंच पुढं चालू ठेवलं असतं तर बरं झालं असतं.

हां तर तिन्ही पाइप निघाले, टोपणं बसली, नंबर पडले — एक वरचा, दोन मधला, तीन खालचा. अन् जीपचा क्लच गेला. मॅडम जालन्याला गेल्या सामान आणाया, अन् पाइप कुणाकडं ठेवले? सरपंचाकडं न्हाई, मास्तरकडं न्हाई. ह्या दुकानात. म्हणल्या, कडूबा, ऊन लागू देऊ नका, लोखंडाजवळ ठेवू नका, मी परवा येतेच. मी माईकचे भोंगे, मोटारी समदं बाहेरच्या पत्र्याखाली काढलं, आतल्या खोलीत गोधडी आथरली, तिच्यावर तिन्ही पाइप निजवले. दोन दिवस गिऱ्हाइकाला आत येऊ दिलं न्हाई. तुळजाबाई म्हणली, एवढी काळजी माझ्या बाळंतपणाला घेतली नव्हती. अन् दुसऱ्या दिवशी खंडेनवमी आली तर मी त्यांची पूजा बी केली! आपल्या पान्ह्या-पकडीसंगं पाहुण्याच्या हत्याराला बी मान — चांगले धुवून-पुसून, हळद-कुंकू लावून, झेंडूचं फूल…

…काय? …काय म्हणलो मी? पान्हे धुवून-पुसून म्हणलं. पान्हे, पकडी, वाइंडिंगचं मशीन. पाइपाला नुसतं फूल. …आवो त्या डोळ्यांनी काहून बघून राह्यले? च्या गार होईल. …ते काय काढलं? दाखवा. …हे पोष्टकार्ड? हे कुठं घावलं तुम्हाला?

माझंच अक्षर हाये. कोंबडीचे पाय. 'सोवनी मॅडमना कडूबाचा नमस्कार. तुमचं पत्र मिळालं. मी लाल रेघ तुमच्या निळ्या रेघेवरूनच ओढली, सूतभर बी इकडंतिकडं न्हाई. देवाशपथ.' एकोणनव्वदचं हाये. …फाइलीत पहिल्याच पानाला? तेरा वर्षं? अन् कुणी इचारलं की हेच दाखवतेत? …काय म्हणतेत? एकदा बोला बरं पुन्हा. …'माझा माणूस खोटं लिहिणार न्हाई.' असं म्हणतेत होय.

थांबा जरा. च्या ठेव तिथं तुळजा, जा तू. …न्हाई, काही न्हाई झालं, जा.

साहेब, धुतला. काय लपवू आता. दोन नंबरचा पाइप मी धुतला. तो सगळ्यात चिखलाचा व्हता, अन् माझ्या मनात आलं, देवापुढं पाहुण्याचं हत्यार असं घाण कसं मांडायचं? लोकं काय म्हणतील? खंडेनवमीला आमच्यात सुईसुद्धा धुवून पूजतेत साहेब. घेतला सोडा, घेतली नारळाची शेंडी, अन् असा घासला, असा घासला, की पाइप नव्यावाणी! चमकाया लागला. मी म्हणलं, वा कडूबा. अन् हळद-कुंकवाला उचलला तर रेघ न्हाई. माझे हात निळे. ज्या रेघेसाठी मला चिंचेखाली उभं केलं व्हतं, ती मी सोड्यानं धुवून गटारीत सोडली. बाकीचे दोन वाचले, कारण त्यांची बारी आली नव्हती.

सांगायचं की मॅडमला! तुळजाबाई बी हेच म्हणली — आवो, सांगून टाका, बाई काय खाणार हाये का तुम्हाला. पण मी गावभर सांगत फिरलो व्हतो की मॅडमचा कुणावर भरोसा न्हाई, फक्त कडूबावर हाये. मास्तरसमोर बोललो व्हतो. कोणत्या तोंडानं सांगायचं? मंग डोकं चाललं. माझं डोकं चालतं तव्हा नुकसान होतंच. पाइप उन्हाकडं धरून बघितला, एका अंगाला जराशी निळी झाक दिसली. म्हणलं, हीच. भोंग्यावर नंबर टाकायचा लाल ऑइलपेंट व्हता, दोरी लावली, अन् अशी सरळ रेघ ओढली की मॅडमची बी तेवढी सरळ नव्हती. ती झाक रेघेची नव्हती, सोड्याचं पाणी ओघळलेलं व्हतं, हे मला मागून कळलं. अन् एकट्या दोन नंबरची रेघ लाल दिसली तर पकडला जाईन, म्हून एक अन् तीनच्या निळ्या रेघांवर बी लाल रंग चढवला. बराबर त्यांच्यावरूनच, बिलकुल बराबर — म्हून ते पोष्टकार्ड तीनातल्या दोन हिश्श्यानं खरं हाये. एवढ्यावर मी तेरा वर्षं झोपून राह्यलो.

मॅडम आल्या तव्हा म्हणलं, रेघा पुसट झाल्या व्हत्या, पक्क्या करून ठेवल्या. खूश झाल्या ओ! म्हणल्या, कडूबा, तुमच्यासारखा एक माणूस माझ्या खात्यात पाहिजे व्हता. अन् मी — मी मान हलवली. मंग तीन सालांनी पत्र आलं. एका वक्ताला उत्तर अचानक चाळीस अंश सरकलेली दिसती, मधल्याच पाइपात, वरचा अन् खालचा ठीक हायेत, तर रेघेला काही झालं नव्हतं ना, खरं सांगा. पहा, बाईला शंका आल्ती. बाई हुशार हाये. तिनं आधी शंका घेतली, आधी मला इचारलं. अन् मी देवाशपथ लिहिलं. पुढं मॅडमचा छापील लेख आला, शेवटच्या पानावर इंग्रजीत माझं नाव, मास्तरनं वाचून दाखवलं. पेढे वाटले मी. पेढे! अख्ख्या पृथ्वीची उत्तर दोन बोटं सरकवली म्हून पेढे वाटणारा माणूस तुम्ही कुठं पाहिलाय का?

…दोन बोटं म्हणलं ते काहून? ते तुळजाबाईचं हाये. मी रेघ ओढली तशी ती म्हणली, इथं नव्हती. त्या पाइपाच्या मधोमध एक चटका व्हता, विडीचा असंल, पुंजारामचा. ती दोन दिवस त्या खोलीत झाडून काढायची, तिच्या नजरेत व्हतं — त्या चटक्याला लागून निळी रेघ व्हती म्हणली. अन् माझी लाल रेघ चटक्यापासून लांब गेल्ती. तिनं बोटं ठेवून दाखवलं, आवो बघा, दोन बोटं चुकली. मी म्हणलं, तुला काय कळतं उत्तर-दक्षिण, गप बस. ती गप बसली. तेवढ्यापुरतीच. दर खंडेनवमीला पान्हे धुवाया बसलो की म्हणती, जपून, काही पुसलं जाईल. सोळा साल झाले ऐकून राह्यलो.

काय लिहून राह्यले? …तीन इंची पाइपावर दोन बोटं म्हंजे… चाळीस? इकतालीस? बराबर तेवढेच? …म्हंजे ती सरकलेली उत्तर नव्हतीच. कव्हाच सरकली नव्हती. बाईचं नाव ज्याच्यावर झालं ती चीज म्हंजे मी अन् सोडा.

आता कळलं का साहेब मी काहून बडबडून राह्यलो ते. सांगितलं तर बाई खोटी न्हाई हे समद्यांना कळंल, पण तिच्या हातातली तेवढी एक गोष्ट जाईल. न्हाई सांगितलं तर ती पुढच्या महिन्यात माझं कार्ड हातात धरून उभी ऱ्हाईल, अन् लोकं हसतील. तिच्यावर हसतील, माझ्यावर न्हाई. मी इथं बसून मोटारी भरीन. लाज वाटती ओ. इतके दिवस गंमत म्हून हसून नेलं, पण लई लाज वाटती.

न्हाई, तुम्ही नका सांगू. तुम्ही सांगताल तर गोड करून सांगताल, कडूबा बिचारा अडाणी, चुकून झालं. चुकून रेघ गेली, साहेब. कार्ड चुकून न्हाई लिहिलं. नंबर द्या. फोन हाये इथं, हे काय समोर. फिरवा तुम्हीच, माझं बोट भलत्या खड्ड्यात जाईल. …वाजून राह्यला का? द्या इकडं.

हॅलो? …सोवनी मॅडम हायेत का? …मी वडीगोद्रीहून… हां! हां हां मॅडम, कडूबाच! आवाज वळखला? …बरी हाये, तुळजाबाई बरी हाये. …पोरीचं लगन झालं, हां, दोन नातू. …पुंजाराम हाये ना, जाड झाला अजून. …मॅडम. मॅडम, तुम्ही जरा थांबा. तुम्ही असं चांगलं बोलून राह्यल्या तर मला सांगता येणार न्हाई. …त्या दोन नंबरच्या पाइपाची रेघ मी धुतली व्हती. खंडेनवमीला. पुसली, अन् अंदाजानं दुसरी मारली, पाइपावरच्या विडीच्या चटक्यापासून दोन बोटं लांब. अन् तुम्ही इचारलं तव्हा देवाशपथ खोटं लिहिलं.

…हॅलो? …हां मॅडम, हाये, ऐकून राह्यलो. …मला शिव्या द्या मॅडम. …न्हाई, काय? …कोणत्या बाजूला? लाल रेघ चटक्याच्या डावीकडं का उजवीकडं ते… मला न्हाई आठवत मॅडम, मी त्या वक्ताला नीट बघितलंच न्हाई. तुळजाबाईला मालूम हाये. तिनं बोटं ठेवून दाखवलं व्हतं. …बाजू बी जुळली तरच पक्कं? …तिला? आत्ता? …हां. हां. …न्हाई, तिला कुणी काही न्हाई सांगितलं, ती आत हाये. तुमचे विद्यार्थी इथं माझ्यासमोर बसलेत. …बराबर. बराबर मॅडम. सांगतो.

तुळजा! ए तुळजा, हात पुस अन् इकडं ये. मॅडमचा फोन हाये, तुझ्याशी बोलायचंय. …रेघेचं. तुला जे आठवतं तेवढंच सांग, माझ्याकडं बघून नको सांगू. धर. …असं न्हाई, उलटा धरला, हां.

उठा साहेब. मॅडम म्हणतेत, आपल्याला जी बाजू पाहिजे ती आपल्या तोंडावर दिसंल, तिला कुणी काही सुचवायचं न्हाई. तुम्ही बी बाहेर अन् मी बी बाहेर. …आवो राहू द्या तो कागद, उठा म्हणलं ना. चला. तिला बोलू द्या.